कामगिरी-मापक बनियन

वेयुपे फुटबॉल क्लबचा मधल्या फळीतला खेळाडू रेनार्स बूमानिस धावत नाही, ही बाब क्लबच्या कार्यकारी मंडळाने सप्टेंबरच्या बैठकीत गांभीर्याने नोंदवून घेतली.

तक्रार खोटी नव्हती. चेंडू जिथे येणार तिथे रेनार्स आधीच जाऊन उभा असे, आणि चेंडूही सवय झाल्यासारखा निमूटपणे तिथेच येई. मग तो चेंडू ज्याला हवा त्याला देऊन टाकायचा आणि पुन्हा उभे राहायचे. एवढ्या भांडवलावर त्याने माल्टात, कझाकस्तानात आणि फेरो बेटांवर बारा वर्षे काढली होती. तेहतिसाव्या वर्षी सुटकेस माळ्यावर टाकून तो बायकोच्या गावी, वेयुपेला परतला, त्याचे कारण मार्ता. ही त्याची दोन वर्षांची मुलगी. जन्मापासून बाप तिला फोनमध्येच दिसत आलेला. तो प्रत्यक्ष दारात उभा राहिला त्या दिवशी तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग आईचा फोन उलटा करून मागची बाजू तपासली. नोव्हेंबरमध्ये रेनार्सचा करार संपत होता. तो वाढवून मिळाला नाही तर त्याला पुन्हा फोनमध्ये जावे लागणार होते.

आजवर ही उभे राहण्याची गोष्ट कुणाला खटकली नव्हती, कारण लोक सामना बघत असत. पण यंदा क्लबला युरोपीय निधी मिळाला. क्लबने मागितले होते प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर. परंतु त्या वर्षी छपरांची योजना नव्हती, बनियनांची होती. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला एकेक ‘कामगिरी-मापक अंगवस्त्र’ मिळाले. काळे, घट्ट, जेमतेम छातीपुरते, आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये काड्यापेटीएवढे यंत्र. घालणारा कुठे गेला, किती धावला, किती वेळा वळला, सगळे संगणकावर उमटे. निधी मिळाल्याचा फलक नियमाप्रमाणे इतका भव्य उभारावा लागला, की पाऊस आला की प्रेक्षक त्याच्याच आडोशाला उभे राहू लागले. अशा रीतीने छपराचाही प्रश्न सुटला.

बनियनांबरोबर राजधानी रिगाहून रोलांड्स नावाचा तरुण विश्लेषक आला. तो सामने पाहत नसे. “सामना पाहिला की उगाच मत तयार होतं,” असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या संगणकात रेनार्सपुढे ‘निष्क्रिय उपस्थिती’ असा शेरा आला. याच वर्गात कोपऱ्यावरचे झेंडे होते.

“अरे, थोडा पळ ना,” कोच मोद्रिस रेनार्सला म्हणाला. “कुठेही पळ. मी काही विचारणार नाही.”

“पण चेंडू इकडेच येतो, कोच.”

“येऊ दे! तो आला की तू दुसरीकडे जा.”

नियम असा होता की बनियन सुट्टीच्या दिवशीही घालायचे; त्याला ‘सक्रिय विश्रांती’ म्हणत. एका रविवारी रात्री रेनार्सने ते धुऊन हीटरवर वाळत टाकले. सोमवारी पहाटे त्याची सासू आउस्मा उठली. बाहेर गारठा होता आणि तिची लोकरी बंडी मार्ताच्या कृपेने दुधात भिजलेली होती.

“अग्नेसे,” तिने मुलीला हाक मारली, “हे हीटरवरचं तुझं की तुझ्या नवऱ्याचं?”

“त्याचं.”

“अरे देवा,” आउस्मा म्हणाली, आणि ऊब महत्त्वाची म्हणून जाकिटाखाली ते चढवून, टोपली घेऊन अळंबी तोडायला निघून गेली.

आउस्माची अळंबीची जागा हा घरातला एकमेव विषय होता ज्यावर कुणी बोलत नसे. वेयुपेत प्रत्येकाची अशी एक जागा असते आणि ती कुणी कुणाला दाखवत नाही. जंगलात माणूस भेटला की टोपलीवर फडके ओढून म्हणायचे, “यंदा काहीच नाही हो,” आणि समोरच्यानेही तसेच म्हणून विरुद्ध दिशेला चालू लागायचे. आउस्माचा नवरा शेवटच्या आजारात म्हणाला होता, “आता तरी सांग.” ती म्हणाली होती, “आता तुला काय करायचंय?”

मंगळवारी रोलांड्स संगणकापुढे उभा राहिला. बसूच शकला नाही. रेनार्स बूमानिस, सक्रिय विश्रांतीच्या दिवशी, सूर्योदयापासून दुपारपर्यंत अखंड चालला होता. तीव्र वळणे, अचानक थांबणे, आणि एक अशी हालचाल जिला संगणकात नावच नव्हते. रोलांड्सने ते तिथल्या तिथे दिले : ‘उच्च तीव्रतेचे अनपेक्षित नमन’. यात बूमानिस देशात पहिला होता. दुसरा कुणी नव्हताच.

रेनार्स सरळमार्गी माणूस. तो तडक कोचकडे गेला. “कोच, तो मी नव्हतो.”

“हाच तुझा दोष,” मोद्रिस म्हणाला. “नम्रता पुरे.”

घरी अग्नेसे म्हणाली, “करार होईपर्यंत गप्प बस ना. आई तशीही रोज जाते.” मार्ताने बापाच्या गुडघ्याला मिठी मारली होती आणि ती सोडत नव्हती. रेनार्स गप्प बसला.

पुढच्या आठवड्यापासून संपूर्ण संघ ‘बूमानिस पद्धती’ने सराव करू लागला. अकरा धट्टेकट्टे पुरुष मैदानावर नागमोडी चालत, मध्येच थबकत, वाकत आणि काहीही न उचलता सरळ होत. पुढच्या फळीतला एकजण म्हणाला, “यात चेंडू कधी येतो?” त्याला अतिरिक्त नमने देण्यात आली.

रविवारचा सामना रेनार्सने नेहमीसारखा उभ्याने जिंकून दिला. सोमवारी रोलांड्सने अहवाल ठेवला. बूमानिसचे सरासरी आकडे अफाट आहेत. ते फक्त एकाच प्रसंगी कोसळतात, तो म्हणजे सामना. निष्कर्ष उघड होता. खेळाडूची कामगिरी टिकवायची तर त्याला खेळण्यापासून वाचवले पाहिजे.

“म्हणजे मला बसवणार?” रेनार्सने विचारले.

“बसवणार नाही, जपणार,” मोद्रिस म्हणाला.

त्याला जपण्यात आले. क्लब ओळीने तीन सामने हरला. मात्र संघाचे एकूण नमन सतत वाढत राहिले आणि निधी देणाऱ्यांकडून अभिनंदनाचे पत्र आले. रेनार्स कठड्यापाशी उभा राहून बघत असे. चेंडू अजूनही त्याच्या जागी येत होता. तिथे कुणी नसे. चेंडू क्षणभर थांबल्यासारखा वाटे आणि मग बाहेर जाई.

गुरुवारी मंडळाची बैठक भरली. विषय : बूमानिस यांचा गौरव व करारवाढ. अध्यक्ष ग्रीनबर्ग्स, कोच, रेनार्स आणि मंडळी जमली. रोलांड्सने पडद्यावर नकाशा लावला आणि लाल रेषेवरून काठी फिरवली.

“हा खेळाडूचा मार्ग. रोज तोच. दलदलीला वळसा, विजेच्या मोठ्या तारांखालून सरळ, तीन खोडांच्या बर्चपासून डावीकडे, आणि या चढावर सगळी नमने एकवटलेली. याचं शास्त्रीय कारण अजून…”

रोलांड्स थांबला. तो रिगाचा असला तरी त्यालाही अळंबी तोडणारी आजी होतीच.

खजिनदाराने चष्मा घातला. मोद्रिसने खिशातून पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिले. अध्यक्ष सावकाश म्हणाले, “हा चढाचा भाग जरा मोठा करून दाखवा.”

रेनार्सला ते सहन होईना. तो उभा राहिला. “हे बघा, तो मी नाही. ती माझी सासू आहे. मी फसवलंय तुम्हाला.”

“बूमानिस,” अध्यक्ष पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “कृपया विषयाला धरून बोला.”

निर्णय सोमवारपर्यंत पुढे ढकलण्यात आला. शनिवारचा सराव सर्वांच्या घरगुती अडचणींमुळे रद्द झाला.

रेनार्सने घरी येऊन सांगितले तेव्हा आउस्मा बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“सगळ्यांनी पाहिला?”

“हो, आई.”

“मोठा करून?”

“हो.”

“माझ्या आईनं मला दाखवली होती ती जागा,” आउस्मा म्हणाली. “डोळे बांधून नेलं होतं. तू सगळ्या मंडळाला बनियनातून नेलंस.” मग तिने सुरी उचलली. “शनिवारी माझ्याबरोबर चल.”

शनिवारी उजाडता उजाडता त्या चढावर धुके होते आणि धुक्यात क्लबचे समग्र कार्यकारी मंडळ होते. प्रत्येकजण दुसऱ्याला टाळून एकेका झाडामागे वाकलेला. अध्यक्षांच्या रबरी बुटांपाशी भरलेली टोपली होती. रोलांड्स पांढऱ्या कोऱ्या बुटांनिशी गवतात उभा होता आणि त्याच्या कानामागे गोचीड होती, पण ती सांगण्याइतकी जवळीक कुणाची नव्हती.

“काय हो ग्रीनबर्ग्स,” आउस्मा म्हणाली.

अध्यक्ष सरळ झाले. “हवा खायला आलो होतो. यंदा काहीच नाही.”

“सुरी घेऊन हवा खाता?”

“हवा दाट आहे.”

झाडांमागून एकेक मान वर आली. मोद्रिसने टोपली पाठीमागे धरली.

“ऐका,” आउस्मा म्हणाली. “सोमवारी मी हाच नकाशा दुकानाच्या दाराला चिकटवते. मोठा करून. मग येऊ दे अख्खं गाव हवा खायला.”

खजिनदार खोडाला टेकला.

“आउस्माबाई,” अध्यक्ष सुरी खिशात घालत म्हणाले, “इतक्या टोकाला जाऊ नका. काय हवंय तुम्हाला?”

“जावयाचा करार.”

“दिला.”

“आणि त्याला खेळवायचं.”

“पण त्याचे आकडे!” रोलांड्स कळवळला. “खेळला तर सगळं बिघडेल हो!”

आउस्मा झाडामागे गेली, जाकीट सारखे करत परत आली आणि ते काळे बनियन तिने रोलांड्सच्या हातात ठेवले. “घाल,” ती म्हणाली. “आणि वाक.”

गणपूर्ती झालेली असल्यामुळे बैठक तिथेच बोलावण्यात आली. ठराव एकमताने संमत झाला. उपस्थितांनी आपापल्या टोपल्यांबाबत गोपनीयता पाळावी, असा उपठराव त्याहून लवकर संमत झाला.

रविवारी रेनार्स अंगावर नुसती जर्सी घालून मैदानात उतरला, चेंडू येणार होता तिथे उभा राहिला, आणि वेयुपे जिंकले. संगणकाला तो दिसलाच नाही. अधिकृत अहवालानुसार तो सामना क्लबने दहा खेळाडूंनिशी जिंकला असून पुढील वर्षी मनुष्यबळात आणखी बचत करण्यास वाव आहे. त्याच अहवालात सर्वोत्तम खेळाडू म्हणून रोलांड्सचे नाव आहे. मार्ता कठड्याला धरून उभी होती. सामना संपल्यावर बाप जवळ आला तेव्हा तिने त्याचे नाक ओढून पाहिले आणि फोन मागितला नाही.

संध्याकाळी आउस्माने रेनार्सला हाताला धरून जंगलात नेले. तिची आणखी एक जागा होती, पहिलीपेक्षा चांगली. ती कुठल्याही यंत्राने पाहिलेली नव्हती. तिथे पोचल्यावर रेनार्स सवयीने नुसता उभा राहिला. आउस्मा म्हणाली, “बरोबर. आधी उभं राहायचं. मग ती दिसतात.” ती जागा रेनार्स कुणालाही सांगणार नाही. बायकोलासुद्धा नाही.

इथे वाचकाला एका गुणी खेळाडूचे बस्तान बसले म्हणून समाधान वाटायला हवे. ग्रीनबर्ग्ससारख्या लोकांचा रागही यायला हवा. पण तुमची नजर मघापासून वरच्या त्या नकाशाच्या परिच्छेदाकडे जाते आहे, तीन खोडांच्या बर्चपासून डावीकडे की उजवीकडे ते पुन्हा एकदा पाहून घ्यायला. पाहा खुशाल. तिथे डावे-उजवे बदलून लिहिले आहे.