टॅक्सचे रोडगे

"झिरो? झिरो म्हंजे काय? मी मेलो काय?"

सुखदेवभाऊ कूलरवाले माझ्या टेबलावर मूठ आपटून ओरडत होते. आवाज असा, की खालच्या रसवंतीत चरकात घालायच्या आधीच उसाला रस सुटला.

"भाऊ, सरकारनं माफीची मर्यादा वाढवली. यंदा तुम्हाला एक रुपयाही टॅक्स नाही," मी पेढे मागायच्या तयारीत म्हणालो.

"सरकारले कोनं सांगतलं होतं? मी गेलतो काय दिल्लीले?"

अमरावतीत मी छोट्या धंदेवाल्यांचे रिटर्न भरतो. माझं गिऱ्हाईक जिना चढतानाच गरीब होत येतं. एका सराफानं आपली कमाई अशा काही स्वरात सांगितली, की मी त्याला माझ्या डब्यातली पोळी काढून दिली. त्यानं खाल्लीही. सुखदेवभाऊ एकटेच उलटे. एकदा कुठल्याशा काकूंनी कूलर दुरुस्तीच्या पैशांवर आंब्याचं लोणचं दिलं, तर यांनी ती बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. "हेही उत्पन्नात धरा. काकू म्हने वर्षभर टिकते. म्हंजे वार्षिक उत्पन्नच झालं न बाप्पा!"

या सगळ्याचं कारण अकोल्याला राहतं. त्याचं नाव वसंतदादा. भाऊंचे थोरले भाऊ, तेही कूलरच बनवतात. मे महिन्यात अकोल्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते, त्यामुळे तिथं कूलरवाल्याचा मान डॉक्टरच्या वर. वडील गेल्यावर दोघं भांडले. वाद शेताचा नव्हता, घराचा नव्हता. कूलरच्या जाळीत वाळ्याची खस लावावी की लाकडाच्या सालपटांचं गवत, एवढाच होता. सुखदेवभाऊ खसवाले, दादा गवतवाले. सुखदेवभाऊ तिरीमिरीत अमरावतीला निघून आले आणि बोलचाल बंद.

समजूत घालणारे थकले तेव्हा दोघांनी मिळून एक कायदा केला. ज्याचा टॅक्स जास्त, त्याचा कूलर खरा. जिंकलेल्यानं रोडग्यांचं जेवण घालायचं, हरलेल्यानं त्याच्या दारात जाऊन ते मुकाट्यानं खायचं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, तुपाची धार, आणि प्रत्येक धारेसोबत एक टोमणा. "खा दादा, पोटभर खा. गवताच्या कमाईत असं तूप भेटत नाही." दादा मान खाली घालून आणखी एक रोडगा घ्यायचे. हा सोहळा दरवर्षी अमरावतीतच, कारण दरवर्षी सुखदेवभाऊच जिंकायचे. दोघं भाऊ वर्षातून भेटायचे ते तेवढेच.

आणि आता दोघांनाही झिरो. निकाल नाही म्हणजे रोडगे नाहीत, रोडगे नाहीत म्हणजे भेट नाही.

"भाऊ, तसेच जाऊन भेटा ना दादांना," मी म्हणालो.

"काहून? कोन्या हक्कानं?"

मग माझ्या तोंडून एक गोष्ट निसटली. म्हटलं, टॅक्स मोजायची जुनी पद्धत अजून आहे, तिच्यात तुम्हाला टॅक्स बसेल, पण ती कोण शहाणा घेणार?

"मी!" भाऊ खुर्चीतून उठले. "भरा जुन्यानं!"

"अहो, उगाच पैसे जातील."

"तुमच्या बापाचे जाते काय?"

माझ्या बापाचे जात नव्हते, म्हणून मी अकोल्याला फोन लावला. दादांचे रिटर्न माझा एक मित्र भरतो. दरवर्षीचा निकाल आम्हीच एकमेकांना कळवतो, दोन्ही पक्षांच्या संमतीनं. मित्र कुजबुजला, "नंतर कर बे. एक पागल बसला हाय समोर. जुन्याच पद्धतीनं टॅक्स लाव म्हनते, नाही तं उठत नाही." मागून दादांची गर्जना ऐकू आली, "त्या खसवाल्याचा किती आला, इचारा!"

अख्ख्या वऱ्हाडात माफ झालेला टॅक्स मागून घेणारे दोनच जण, आणि दोघं एकाच आईचे.

मी दादांचा आकडा लिहून घेतला, भाऊंचा काढला. "अभिनंदन भाऊ. यंदाही तुम्हीच वर."

आता आनंदानं टेबल फुटणार म्हणून मी चहाचा कप उचलून धरला.   पण भाऊंनी बंडीच्या आतल्या खिशातून घामानं ओली झालेली एक विम्याची पावती काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"हे धरा. याच्यानं कमी होते न?"

ही पावती मी त्यांना वर्षानुवर्षं मागत होतो. सवलत मागणं म्हणजे हात पसरणं, असं म्हणून त्यांनी ती कधी दाखवलीसुद्धा नव्हती. आता धरली. भाऊंचा टॅक्स घसरत घसरत दादांच्या खाली जाऊन बसला.

"हरले ना भाऊ तुम्ही," मी म्हणालो. "आता तुम्हाला अकोल्याला जावं लागणार. दादा इतक्या वर्षांचं उट्टं काढतील. हातातला डाव असा काहून सोडला?"

भाऊंनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली.

"त्याचे गुडघे गेले," ते म्हणाले. "त्याले गाडीत चढता येत नाही आता."