शिराळ्याचा खांब

संयोगिताचा कराटेचा क्लास शिराळ्यात एका जुन्या खताच्या गोदामात भरतो, आणि त्या गोदामाच्या बरोब्बर मधोमध एक लोखंडी खांब आहे. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्या खांबानंच केलंय.

तर काता. काता म्हणजे समोर कुणी नसताना, आहे असं धरून, ठरलेल्या क्रमानं मारायचे ठोसे आणि लाथा. त्यातला सगळ्यात अवघड काता बाकी ठिकाणी काळा पट्टा मिळाल्यावरच शिकवतात. संयोगिता मात्र पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत सगळ्यांना एकदमच शिकवते. तिसरीतली प्रांजल आणि फौजेतून रिटायर होऊन आलेले भाऊसो, दोघंही पांढरेच पट्टे, म्हणजे अगदी पहिली पायरी, पण मधल्या रांगेत एकामागं एक. अडचण एकच. त्या रांगेला खांब आडवा यायचा, त्या रांगेतले वळले की बाकीच्यांशी मेळ तुटायचा. मग संयोगितानं फर्मान काढलं, "एकाला खांब, तर सगळ्यांना खांब."

तेव्हापासून तिथं आलं की अख्खा क्लास, पुढं खांब असो नसो, डावीकडनं वळसा घालतो. भाऊसो एकदा कपाळ आपटून शहाणे झालेले, ते वळताना खांबावर थाप मारायचे. पोरांनी तीही उचलली.

हे सांगलीच्या जयराज सरांच्या कानावर गेलं. पट्ट्यांच्या परीक्षा तेच घेतात.

"पांढऱ्या पट्ट्यांना हा काता?" ते फोनवर म्हणाले. "त्यांना पट्टा तरी बांधता येतो का नीट? रविवारी इथं करून दाखवा. चुकलात, तर पुढं ज्याच्या त्याच्या पट्ट्यापुरतंच शिकवायचं."

म्हणजे प्रांजल आणि भाऊसो बाद. भाऊसोंनी त्या दिवसापासून भजी सोडली.

रविवारी सांगलीचा हॉल बघून पोरं गारच पडली. गुळगुळीत लाकडी जमीन, कडेला सरांचे काळे पट्टेवाले मांडी घालून बसलेले. संयोगिता सगळ्यांच्या पुढं उभी राहिली, वाकली, काता चालू झाला. ठोसा, लाथ, गर्रकन गिरकी, आणि मागनं सगळ्यांच्या बाह्यांचा फटकारा एकच. तिची छाती अशी फुगली की बास. आणि मग तिला समोर नुसती मोकळी जमीन दिसली. खांबच नव्हता.

कात्यात बोलायला बंदी. आपण सरळ गेलो तर निम्मे सरळ येणार, निम्मे वळणार, आणि सगळे एकमेकांवर आदळणार. संयोगितानं मान ताठ केली आणि नसलेल्या खांबाला डावीकडनं वळसा घातला. मागनं अख्खा क्लास वळला. वर सगळ्यांनी हवेत एकेक थाप मारली.

काता संपला. काळे पट्टेवाले तोंड दाबून हसत होते. जयराज सर उठून आले.

"मधे काय होतं ते?"

संयोगिता तोंड उघडणार, एवढ्यात भाऊसो सावधानमध्ये पुढं झाले. "खांब हाय, सर."

"कुठं?"

"शिराळ्याला."

सर हसले नाहीत. हॉलच्या मधोमध जाऊन स्वतःच उभे राहिले. "करा परत."

परत काता. क्लास सरांना वळसा घालून गेला, आणि भाऊसोंनी सवयीनं सरांच्या खांद्यावर थाप मारली. पाठोपाठ प्रांजलनं. तिचा हात कमरेपर्यंतच पोचला.

"सर, चुकलं आमचं," संयोगिता म्हणाली.

"काय चुकलं?" सर आपल्या काळ्या पट्ट्यांकडं वळले. "इतकी वर्षं बोंबलतोय, समोर माणूस नसला तरी दिसला पाहिजे. ह्यांना सांगलीत शिराळ्याचा खांब दिसतोय, तोही सगळ्यांना एकाच जागी. संयोगिता, शिकव तुला पाहिजे त्याला. आणि ही माझी हसरी पोरं पण घे."

पुढच्या रविवारी ती हसरी पोरं गोदामात हजर. पांढरा पट्टा घट्ट आवळून भाऊसो खांबाशी उभे राहिले.

"ह्यो आमचा मोठा सर. हितं आलं की वळायचं, थाप मारायची."

"काका, आम्हाला काता येतो," त्यांच्यातला सगळ्यात उंच विश्वजित म्हणाला, आणि झोकात सुरू झाला. ठोसा, लाथ, गिरकी, सगळं बघण्यासारखं. मग तो ऐटीत सरळ पुढं गेला, आणि गोदामभर टण्ण असा आवाज घुमला.

प्रांजलनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला.

"आता दिसंल, दादा," ती म्हणाली. "सांगलीत सुदीक."