कार्नबूईचे खिंडींत इंग्रज फौज गांठिली ते हकीकत

श्री. ज्या भूमीनें पोसलें तिचें स्मरण करोन हें लिहिलें. शके पंधराशें एकोणीस, हेमलंबी नाम संवत्सरे, भाद्रपद मासीं पश्चिमसमुद्रींच्या आयर्लंड बेटीं ऐसें वर्तमान जाहालें जे, इंग्रजांनीं मुलुख दाबीत दाबीत कार्नबूईचे खिंडीपलीकडे गढी बांधिली, आणि तेथील जुने वतनदार तर्लो नाईक, बहुत मानी आणि मितभाषी, त्यांनीं गढीस वेढा घातला, आणि आंतील लोक घोडीं मारून खाऊं लागले. मग कप्तान हारबर्ट मोठी फौज, तोफ आणि रसदेचे गाडे घेऊन कुमकेस निघाला.

नाईकांनीं खिंडींत वाटेवर चर खणविला, वर फांद्या पसरिल्या आणि झाडींत बंदूकवाले बसविले. उजवे हातास दलदल, अनोळखी माणूस गळ्याइतका रुते. सिद्धता उत्तम जाहाली, तों फेलिम जासूद धांवत आला आणि म्हणाला, "नाईक, फौजेपुढें वाटाड्या आहे, तो आपले आर्ट!" आर्ट हे नाईकांचे धाकटे बंधू, वसंतांत इंग्रजांनीं धरून नेलेले. त्यांचे कमरेस दोर बांधोन दुसरें टोक कप्तानानें आपले खोगिरास बांधिलें होतें. फेलिम म्हणाला, "पहिला बार त्यांसच लागेल. डाव मोडावा, पुढें नदीवर गांठूं." नाईक म्हणाले, "नदीवर उघडें मैदान. तेथें तोफ आपली दाणादाण करील." ऐसें बोलले खरे, परंतु आपण सांगेतों कोणीं बार काढूं नये ऐसी ताकीद दिली, कारण आईबाप गेलियावर आर्टास त्यांनींच वाढविलें होतें.

मग फौज खिंडींत शिरली. आर्टांनीं वाटेवर तोडलेल्या फांद्यांचीं सुकलेलीं पानें पाहिलीं, सर्व उमजलें, आणि थांबून आपले बोलींत मोठ्यानें हाक दिली, "दादा, मी दलदलींत उडी टाकितों. दोर ताणला कीं बार काढा. माझी चिंता करूं नका!" कप्तानानें पुसिलें, "काय ओरडतोस?" आर्ट म्हणाले, "ही आमची जुनी वाट. तिला नमस्कार करितों." आणि उडी टाकिली.

दोर ताणला, घोडें उधळलें, खोगीर सुटोन कप्तान त्यासकट चिखलांत पडला. नाईकांनीं "मारा!" म्हटलें आणि दोहोंकडून एकच धडाका उडाला. मागील लोक रेटूं लागले आणि पुढील चरांत कोसळले, तोफेचें चाक रुतलें, दारूचा गाडा पेटोन आभाळ काळें जाहालें, आणि इंग्रज हत्यारें टाकून पळाले. त्या गर्दींत नाईक स्वतां दलदलींत छातीइतके उतरले आणि दोर धरून बंधूंस ओढून काढिलें. आर्टांचे खांद्यास गोळी लागली होती. डोळे उघडून म्हणाले, "दादा, किती उशीर केलात!" नाईक हंसले, आणि लोकांनीं त्यांस हंसतांना बहुत वर्षांनीं पाहिलें.

मग गढीनें शरण येऊन दरवाजा उघडिला. कित्येक म्हणाले, यांस कापून काढावें. नाईक म्हणाले, "उपाशी माणसांवर तरवार धरणें आपलें काम नव्हे." आणि लुटींतील रोटी त्यांस खाऊं घालून जीवदान दिलें. चिखलांत धरलेल्या कप्तानासही सोडितां बोलले, "धन्यास जाऊन सांगा, हा मुलुख बेवारस नाहीं."

ऐसी फत्ते जाहाली. युद्ध पुढें बहुत काळ चाललें, जय आले, पराजयही आले. परंतु त्या वर्षींच्या हिवाळ्यांत कार्नबूईकडील कोणी माणूस मान खालीं घालून चालला नाहीं. येथें लेखणी ठेविली.