सोनमासा आणि ओढलेले पडदे

ज्या काचेच्या टाकीत निरनिराळ्या जातींचे मासे एकमेकांना न खाता नांदतात, तिला हॉलंडात 'संगतीची टाकी' म्हणतात. 'नांदतात' हा शब्द येथे जपून वाचावा. माशांचे परस्परांवर प्रेम असते असा त्याचा अर्थ नाही. एकाचे तोंड दुसऱ्याच्या अंगाहून लहान असते, इतकाच आहे. रोल्डे गावच्या लुबर्ट नाइनहाउसने हे सूत्र आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

लुबर्टने पस्तीस वर्षे जलमंडळात नोकरी केली. कोणत्या चरात किती बोटे पाणी असावे हे ठरवणे त्याचे काम. निवृत्त झाल्यावर त्याने टाकी घेतली आणि तिच्यातले सोबती निवडण्यात चौदा महिने घालवले. (बायको निवडायला त्याला नाताळची एक संध्याकाळ पुरली होती, पण ती हकीगत फेमी सांगते, आणि निराळ्या सुरात सांगते.) पाणी किती ऊन, किती जड, स्वभाव कसा, तोंड केवढे, अशा कसोट्या लावून शेवटी निळ्या रेघेचे तीस इवले मासे आणि तळाशी राहणारे आठ मिशाळ मासे एवढेच उत्तीर्ण झाले.

दरवर्षी मत्स्यमंडळाचा परीक्षक घरोघर जाऊन टाक्या तपासतो. 'सोबत्यांची निवड' या सदराला दहा गुण असतात. लुबर्टला आधीच्या दोन्ही वर्षी नऊ मिळाले होते. तो दहावा गुण मिळावा, याखेरीज त्याला या जगाकडून काही नको होते.

परीक्षण शनिवारी होते आणि बुधवारी फेमीचा वाढदिवस आला. पाहुणे रिवाजाप्रमाणे गोल बसले, गोलातल्या प्रत्येकाने प्रत्येकाचे अभिनंदन केले, आणि समोरच्या घरातल्या विधवा त्रेइनबाईंनी पिशवीतून पाण्याची फुगलेली थैली काढली. थैलीत वीतभर लांबीचा नारिंगी सोनमासा होता.

"तुमच्या टाकीत सगळी चिल्लीपिल्ली," त्या फेमीला म्हणाल्या. "बोलायला कुणी मोठं माणूस नको का? आणि याचं तोंड बघ. हुबेहूब आमचे हेंद्रिक."

लुबर्टने तोंडच पाहिले होते. त्यात निळ्या रेघेचे दोन मासे सहज मावले असते.

"त्रेइनबाई, याला थंड पाणी लागतं," तो म्हणाला.

"हेंद्रिकना पण लागायचं. चाळीस वर्षं माझ्याबरोबर उबेत काढलीच ना?"

गोलातले अकरा जण लुबर्टकडे पाहत होते. आजच्या दिवसापुरते, असे मनाशी म्हणत त्याने सोनमासा टाकीत सोडला. असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ, असे आपल्याकडे म्हणतात. त्याच्या भाषेत तशी म्हण नाही, म्हणून त्याला इशारा देणारे कोणी नव्हते.

सोनमाशाने गुरुवारी नाजूक पानांची अर्धी झाडे खाल्ली. शुक्रवारी उरलेली उपटून तो निळ्या रेघांकडे विचारमग्न नजरेने पाहू लागला. त्याला हलवावे तर टाकी दर्शनी खिडकीत आणि त्रेइनबाईंचे स्वयंपाकघर बरोबर समोर. त्या गावात दर्शनी खिडकीचे पडदे उघडे असतात; आत लपवण्यासारखे काही नाही हे रस्त्याला दिसावे लागते. भांडे घासताना त्रेइनबाई मान वर करत आणि टाकीकडे बघून हात हलवत. तो हात लुबर्टला नसे.

"सरळ सांगून टाक त्यांना," फेमी म्हणाली.

"शेजार आहे. उद्या तोंड दाखवायचंय."

"मग परीक्षकाला सांग."

"दहावा गुण आहे, फेमी."

"मग तू बस तुझ्या गुणाजवळ. मी केक आणते." शनिवारी सकाळी ती बेकरीत गेली.

लुबर्टने सोनमाशाला बादलीत घालून बादली स्वयंपाकघरात ठेवली. त्रेइनबाईंना रिकामी जागा दिसू नये म्हणून त्याने दर्शनी खिडकीचे पडदे ओढले. बारा वाजता मासा परत, पडदे परत. योजनेत खोट नव्हती. मात्र त्या गावात दिवसाउजेडी पडदे एकाच कारणासाठी ओढतात: घरात कोणीतरी गेले म्हणजे. लुबर्टला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याच्या वहीत ते नव्हते.

दहाच्या ठोक्याला परीक्षक तमिंगा आले. काळा कोट, काळी चामडी पेटी, हातात मोजपट्टी. समोरच्या स्वयंपाकघरात त्रेइनबाईंनी भांडे खाली ठेवले.

रोल्डे ज्या द्रेन्थे प्रांतात आहे, तिथला शेजारधर्म असा की मरण आलेल्या घरी शेजाऱ्यांनी न बोलावता, मागच्या दाराने जायचे, घड्याळ थांबवायचे आणि घर ताब्यात घ्यायचे. अंधाऱ्या खोलीत तमिंगा टाकीपुढे वाकून मासे मोजत होते, तेव्हा स्वयंपाकघरात पावले वाजली. लुबर्ट पाहायला गेला. शेजारचा यानेस काळ्या कपड्यांत खुर्चीवर चढून भिंतीवरचे घड्याळ बंद करत होता.

"यानेस, माझ्या घड्याळाला काय झालं?"

यानेसने खुर्चीवरूनच मागे वळून पाहिले.

"तू आहेस?"

"मग कोण असणार?"

"म्हणजे फेमी गेली?"

"हो, बेकरीत."

"बेकरीत कशी गेली?"

"सायकलवर."

यानेस खुर्चीवरून उतरला. "मग पडदे का ओढलेस, शहाण्या? मी शवपेटीचे सहा खांदेकरी ठरवले. दफनाला बुधवार ठरवला. पाद्रीबाबांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, लुबर्टबद्दल चांगलं काय बोलायचं ते विचारून सांगा."

"मग?"

"विचारतोय अजून."

तोवर मागच्या दाराने बाकीचे आले होते. लुबर्ट जिवंत आहे हे कळल्यावर कोणी परत गेले नाही. इतक्या लवकर काळे कपडे बदलणे कोणालाच परवडणारे नव्हते. सगळे बैठकीत गोल बसले. फेमी केक घेऊन आली, दारात थबकली, आणि काळ्या कपड्यांतल्या दहा शेजाऱ्यांवरून तिची नजर नवऱ्यावर आली.

"कोण गेलं?"

"मी," लुबर्ट म्हणाला.

"बरं. मग केक पातळ कापावा लागेल."

इतक्यात त्रेइनबाई बादली घेऊन आत आल्या. "हा गारठ्यात का? काय केलं होतं यानं?"

तमिंगांनी चष्मा वर सरकवला. "हा मासा कुणाचा?"

नाही म्हणावे, तर त्रेइनबाईंचे हेंद्रिक दुसऱ्यांदा जातील. हो म्हणावे, तर दहावा गुण जाईल. लुबर्टने गोलावरून नजर फिरवली. ही सगळी माणसे त्याला पुरायला आली होती, आणि आपापली भाकरी घेऊन आली होती.

"माझा," तो म्हणाला. "याच टाकीतला. तुम्ही येणार म्हणून लपवला होता."

त्रेइनबाई बादली खाली ठेवून बसल्या. "असं होतं तर सांगायचंस, बाबा. माझ्या मागच्या तळ्यात राहील की तो. हेंद्रिक पण बाहेरच बसायचे."

तमिंगांनी केकचा पातळ तुकडा खाल्ला, पुन्हा टाकीपुढे बसून पाऊण तास काहीतरी लिहिले आणि कागद देऊन गेले. निवडीचे गुण: नऊ.

गावात ही हकीगत अजून सांगतात, आणि दरवेळी एकच चूक करतात: सोनमाशापायी लुबर्टचा दहावा गुण गेला म्हणतात. सोनमाशाचा त्या कागदावर उल्लेख नाही. गुण का गेला हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहिले आहे: 'सोबती उत्तम. मात्र मालक काचेजवळ आला की मासे टाकीतल्या लाकडामागे लपतात, पत्नी आली की बाहेर येतात. मालकास अन्य खोलीत ठेवावे.' मागल्या दोन्ही वर्षांच्या कागदांमागे हेच वाक्य आहे. लुबर्टने एकही कागद कधी उलटून पाहिला नव्हता. फेमीने तिन्ही वाचून पुन्हा सुलटे ठेवले होते.