मानेतला काळा मणी

मुलांनो, मांडी घालून बसा. जांभई आली तर हाताआड द्या. मला दिसली तर गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगीन.

एका माणसाच्या पोटात एक जंगल होतं. माणसाचं नाव मुकुंदराव खटावकर. जंगलाला नाव नव्हतं, कारण ते आपल्या पोटात आहे हेच मुकुंदरावांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की रविवारी मटण असतं.

जंगलाच्या मधून एक नदी वाहायची. शिकलेली माणसं तिला आतडं म्हणतात. मुकुंदराव जे गिळत ते या नदीतून लांबच लांब माळा होऊन वाहत यायचं. मटणाच्या माळा, अंड्यांच्या माळा, तुरीच्या डाळीच्या माळा. प्रत्येक माळेत रंगीबेरंगी मणी. पण अख्खी माळ जंगलात कुणाच्याच कामाची नव्हती. ती कापून सुटी करावी लागायची.

हे काम उंदरांकडे होतं. उंदीर मोठे शिस्तीचे. माळेत जिथे काळा मणी दिसेल तिथेच ते कापायचे. लाल, पिवळ्या, पांढऱ्या मण्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. पुस्तकात या उंदरांना ट्रिप्सिन म्हणतात. तुम्ही उंदीरच म्हणा, जीभ कमी अडखळते.

हे उंदीर जन्माला यायचे नदीकाठच्या स्वादुपिंड नावाच्या गावात. तिथे एका गुहेत जनुकबुवा नावाचं म्हातारं कासव राहायचं. ते गुहेबाहेर कधी पाऊल टाकायचं नाही. उंदीर कसा करायचा याचा पाठ त्याला तोंडपाठ होता. डोळे मिटून ते म्हणत राहायचं, "आधी मुसकं... मग दात... मग लाल मणी, लाल मणी, पिवळा मणी..."

गुहेबाहेरच्या फांदीवर ठकूबाई सुगरण बसलेली असायची. ती कान देऊन ऐकायची आणि बुवा म्हणतील तो मणी चोचीनं ओवायची. असं करत ती अख्खा उंदीर विणायची. शेपटीला गाठ मारली की उंदीर टुणकन उडी मारायचा आणि म्हणायचा, "आई!"

म्हणजे उंदीरही मण्यांचे. गावच्या भिंतीही मण्यांच्या. ठकूबाईचं घरटं मण्यांचं आणि ठकूबाईही मण्यांची. जगात मणी सोडून दुसरं काही नसतं का, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं घरी जाऊन आपल्या आईला विचारावं.

आता गाव असं मण्यांचं आणि उंदीर असे दातांचे, तर गाव टिकायचं कसं? म्हणून प्रत्येक उंदीर मुसकं बांधूनच जन्माला यायचा. मळणीच्या बैलाला बांधतात ना, तसं. बांधलेल्या तोंडानं तो मुकाट गावातून चालत नदीवर जायचा. तिथला नाकेदार खेकडा नांगीनं त्याचं मुसकं कातरायचा. मग काय कापायचं ते काप.

तरी कधीमधी एखाद्याचं मुसकं गावातच सुटायचं. शिंक आली, ठेच लागली, निमित्त काहीही. तो मोकळा उंदीर आधी शेजाऱ्याचं मुसकं कापायचा, कारण संगत सगळ्यांनाच लागते. शेजारी त्याचे आभार मानायचा आणि लगेच त्याची मान कापायचा. कारण उंदराच्या मानेतही एक काळा मणी असायचा. मग शेजाऱ्याची मान त्याचा शेजारी कापायचा, आणि प्रकरण मिटायचं.

शेवटच्या उंदराचं काय, असं विचारणाऱ्या मुलानं बाहेर जाऊन उभं राहावं.

अशी ही जुनी रीत होती. रीत म्हटली की ती कुणाला तरी टोचतेच. ती टोचली दंताजी नावाच्या उंदराला. त्याचा भाऊ सकाळी विणला गेला, दुपारी शिंकला आणि संध्याकाळपर्यंत त्याचे तुकडे झाले.

दंताजीनं सभा बोलावली. त्याच्या तोंडाला मुसकं होतं. त्यामुळे भाषणातलं अक्षरही कुणाला कळलं नाही आणि टाळ्या फार पडल्या. ठकूबाईला मात्र लेकरांची बोबडी बोली कळायची. तिनं पंखांनी डोळे पुसत सगळ्यांना सांगितलं.

"तो म्हणतोय, आपण जगाच्या माळा कापायच्या आणि आपली मान कुणी कापायची, हा कुठला न्याय? माळ वेगळी, आपण वेगळे. आपल्या मानेत काळा मणी असणं हा आपला अपमान आहे."

सगळे उंदीर मुसक्यातून ओरडले, "हूं हूं हूं!" हा ठराव एकमतानं मंजूर झाला.

मोर्चा गुहेपाशी आला. ठकूबाई सगळ्यांत पुढे होती. तिला राजकारण कळत नव्हतं. आपण विणलेलं पोर असं तुकडे होऊन पडलेलं बघायचं तिच्या जिवावर आलं होतं, एवढंच. आई होती ती. तिच्या जागी तुमची आई असती तरी तिनं हेच केलं असतं.

"बुवा," ती म्हणाली, "एवढं ऐकाच माझं. माझ्या लेकरांच्या मानेतला काळा मणी काढा."

"तो कशाला आहे तिथे?" बुवांनी विचारलं.

"मी तुम्हालाच विचारायला आले होते."

"मला काय ठाऊक, ठकूबाई? मी म्हणतो. अर्थ सांगायचं काम माझ्याकडे नाही. माझ्या गुरूंनीही असंच म्हटलं होतं."

"मग काळ्याऐवजी पांढरा म्हणा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे!"

बुवांनी मान कवचात ओढून घेतली आणि मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग मान बाहेर काढली.

"पांढरा चालीत जास्त चांगला बसतो," ते म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. एकदा पाठ बदलला की मागचा मला आठवत नाही. माझं डोकं एवढंच आहे."

"मागचा आठवायचाय कुणाला!" ठकूबाई म्हणाली.

झालं. पाठ बदलला. गावानं बुवांचा सत्कार केला. मण्यांची शाल दिली, नारळ दिला. बुवांना गुहेबाहेर यायचं नसल्यामुळे फोटोत नुसती शालच आली. ठकूबाईला आदर्श माता म्हणून खण-साडी मिळाली. ती साडी चोचीत धरून दिवसभर मिरवत होती.

दुसऱ्या दिवशी नव्या पाठाचा पहिला उंदीर विणून झाला. त्याच्या मानेत शुभ्र पांढरा मणी होता. दंताजीनं त्याचं नाव अभयराव ठेवलं. ठकूबाईनं त्याची दृष्ट काढली आणि त्याच्या शेपटीला आणखी एक गाठ मारली, प्रेमानं.

मग रविवार आला. मुकुंदरावांनी तांबडा रस्सा वाटीवर वाटी ओरपला. रस्सा ठसक्याचा होता. मुकुंदरावांना अशी सणसणीत उचकी लागली की गाव हादरलं. अभयराव नदीच्या वाटेवर आपटला आणि त्याचं मुसकं सुटलं.

जवळच दंताजी उभा होता. अभयरावानं रीतीप्रमाणे आधी त्याचं मुसकं कापलं.

"आभारी आहे," दंताजी आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट बोलला. मग रीतीप्रमाणे तो अभयरावाच्या मानेला चावला.

दात घसरले. तिथे काळा मणीच नव्हता.

"काका, काय करताय?" अभयरावानं विचारलं.

"सवय रे, पोरा." दंताजी ओशाळला. "विसर. तुझ्यासाठीच तर आम्ही लढलो."

"ते माझ्या लक्षात राहील," अभयराव म्हणाला, आणि त्यानं दंताजीची मान काळ्या मण्याशी नीट कापली.

मग त्याला काम सुचेना. नदी लांब होती आणि गाव जवळ होतं. त्यानं एक भिंत कापली. मग दुसरी. त्यात काळे मणी पुष्कळ होते. गावातले जुने उंदीर मुसक्यातून "हूं हूं" करत पळत सुटले. अभयरावानं एकेकाला पकडून मोकळं केलं. एकेकानं आभार मानले, मान चावून पाहिली आणि त्याचे तुकडे झाले. अभयराव कुणावरही चिडला नव्हता. तो शिस्तीत काम करत होता.

ठकूबाई गुहेकडे धावली.

"बुवा, जुना पाठ म्हणा! लवकर!"

"कोणता जुना?" बुवा म्हणाले. "...लाल मणी, पिवळा मणी, पांढरा मणी..."

"तो नव्हे हो! काळा मणी! मानेत काळा!"

"असं कसं म्हणता? चालीत बसणार नाही." आणि बुवा पुढे म्हणत राहिले.

आता सांगतो ते नीट ऐका. बुवा म्हणत राहिले आणि ठकूबाईची चोच विणत राहिली. तिला थांबायचं होतं. पण पाठ कानावर पडला की ओवायचं, एवढीच तिला सवय होती. ती रडत होती आणि ओवत होती. पांढऱ्या मानेचे उंदीर एकामागून एक टुणकन उडी मारून "आई!" म्हणत होते, आणि अभयराव तिथल्या तिथे त्यांची मुसकी कापत होता. मला इथे फार वाईट वाटतं. दर वेळी गोष्ट सांगताना वाटतं. एकदा मी इथेच थांबलो होतो, तर मुलं म्हणाली, सांगा की, मज्जा येतेय.

घरट्याच्या फांदीपर्यंत अभयराव पोचला. सत्काराची साडी त्यानं आधी कापली. मग घरटं.

"बाळा, थांब," ठकूबाई म्हणाली. "मी तुझी आई आहे. मी तुला विणलंय."

अभयराव खरंच थांबला. वाईट नव्हता तो पोरगा.

"माहीत आहे, आई," तो म्हणाला. "पण तू स्वतःसाठी पांढरा मणी मागायला हवा होतास गं."

वर मुकुंदराव पोट धरून गडाबडा लोळू लागले. डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबलं. मुकुंदराव किंचाळले. डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडाला सूज आहे. काय खाल्लं होतं?"

"मटण," घरचे म्हणाले.

"कुठलं?"

"सासुरवाडीहून आलेलं."

मग कारण सगळ्यांना पटलं. दोन्ही घरांचं जोराचं भांडण झालं आणि मटण बंद झालं. मुकुंदराव वरणभातावर आले, तरी दुखणं जाईना. जाणार कसं? गाव राहिलं होतं मूठभर, आणि गुहेत कासव चालीत म्हणत होतं.

पुढे मुकुंदरावांना मुलगा झाला. असा मुलगा होतो तेव्हा जनुकबुवा आपला एक शिष्य त्याच्या पोटात पाठवतात. शिष्य गुणी होता. गुरूचा पाठ त्यानं शब्दन्‌शब्द उचलला होता. बाळाच्या इवल्याशा गुहेत बसून त्यानं डोळे मिटले. बाहेर फांदीवर एक कोवळी सुगरण कान देऊन बसली. "...लाल मणी, पिवळा मणी, पांढरा मणी..." पहिला उंदीर उडी मारून "आई!" म्हणाला, आणि तिला काय आनंद झाला म्हणून सांगू.

बारशाला सगळे जमले. सासुरवाडीचेही आले. पाळण्यात वाकून बघत आत्या म्हणाली, "अगं बाई, अगदी बापावर गेलाय!"

सगळ्यांनी पेढे खाल्ले.

तात्पर्य, म्हणजे परीक्षेला येणारा भाग: कापण्याचं काम ज्याच्याकडे असेल त्याची मान सगळ्यांत आधी सुरक्षित करावी. गावाचं नंतर बघता येतं. आणि पोट दुखलंच, तर दोष मटणाला द्यावा, कारण ते उलटून बोलत नाही.