नाथाजींच्या हातचं ऑर्किड

पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी निघालेल्या अबोलीनं गाडीत बसता बसता सासऱ्यांच्या हातात एक कुंडी दिली. कुंडीत जांभळ्या फुलांचं ऑर्किड होतं.

"अण्णा, आठवड्यातून एकदाच पाणी. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही. तीन वर्षांनी फुललंय हो, जपा!"

"आगं, चाळीस वर्सं द्राक्षबाग करतोय मी. तुज्या ह्या मूठभर झाडाची काय कथा!"

तासगाव तालुक्यात नाथाजींच्या हाताला नाव होतं. त्यांनी हात लावला की वाळकी काडीसुद्धा फुटते, असं लोक म्हणत. त्यात सुनेनं पहिल्यांदाच काहीतरी विश्वासानं सोपवलेलं, म्हणून स्वारी भलतीच खूश होती. पण बागायतदाराच्या हातात झाड द्यायचं आणि वर काही करू नका म्हणायचं, हे जरा अतीच झालं.

गाडी वळणाआड गेली आणि नाथाजींनी कुंडीत डोकावून पाहिलं. आत मातीचा कण नाही! नुसते कोळशाचे तुकडे, नारळाची सोडणं, आणि मुळं कुंडीबाहेर लोंबतायत.

"आगं ए, बघ ही दशा! झाडाला कोळसं खायला घातल्यात. मुळं बिचारी अन्न हुडकत भाईर पडल्यात."

"आवं, काय करू नका म्हणून सांगितलंय न्हवं तिनं?" बायको बनुबाई म्हणाल्या.

"तिला काय ठावं? लेकरू हाय ते."

त्याच दुपारी कोळसे गेले आणि काळी माती आली. मातीत दोन ओंजळी शेणखत. लोंबणारी मुळं आत दाबून बसवली. बागेतली ड्रिपची नळी आणून कुंडीत सोडली. आठवड्यानं पानं पिवळी पडली, तेव्हा नाथाजींनी कात्री घेऊन फुलांची दांडीच छाटली. म्हणजे सगळा जोर पानात येईल! जोर कुठं गेला देव जाणे. पंधराव्या दिवशी झाड कुजून आडवं झालं आणि नाथाजींच्या घशाखाली घास उतरेना.

नेमका त्याच संध्याकाळी अबोलीचा फोन आला. "अण्णा, उद्या व्हिडिओ कॉल करते. फुलं बघायचीत मला."

सकाळच्या पहिल्या एसटीनं नाथाजी सांगलीला गेले आणि हुबेहूब तसंच जांभळं ऑर्किड घेऊन आले. प्लॅस्टिकचं.

"खरं सांगून टाका की," बनुबाई म्हणाल्या.

"दिवस भरत आल्यात तिचं. जिवाला लावून घेईल."

जिवाला लावून घेतलं होतं ते खरं तर नाथाजींनीच.

"अय्या अण्णा! एकही फूल गळलं नाही!" अबोली मोबाईलमध्ये ओरडली.

"हात लागतो पोरी, हात!" नाथाजी बोलून गेले आणि अडकले. मग दर रविवारी ऑर्किडचं दर्शन सुरू झालं.

नात झाली. बारशाला साताऱ्यात व्याही लालासाहेबांनी चारचौघांत विचारलं, "नाथाजीराव, आमची ऑर्किडं महिन्याभरात मान टाकतात. तुम्ही घालता तरी काय?"

"काय बी घालत न्हाई," नाथाजी म्हणाले. दोन महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं खरं वाक्य. लोकांना मात्र तो विनय वाटला.

माहेरी गेल्यापासून पाचव्या महिन्यात अबोली लेकीला घेऊन परत आली. बनुबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मायलेकी आत आल्या, आणि मागोमाग ड्रायव्हरनं सहा कुंड्या आणून ठेवल्या. पांढरी, पिवळी, जांभळी, सगळी ऑर्किडं!

"अण्णा, ह्या तुमच्या हवाली. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

नाथाजींनी हातच जोडले. "पोरी, माजं चुकलं. तुजं झाड मीच मारलं." आणि माती, शेणखत, ड्रिप, कात्री, सगळं भडाभडा बाहेर पडलं.

"मला माहीत आहे," अबोली म्हणाली. "फुलावरचा पाण्याचा थेंब चार महिने एकाच जागी होता, अण्णा."

"मग बोलली का न्हाईस?"

"एरवी तुम्ही फोनवर 'बरं हाय का'च्या पुढं कधी गेलात? कुंडी दाखवायच्या निमित्तानं अर्धा अर्धा तास गप्पा मारायचात. मला ते फार आवडायचं."

नाथाजींचे डोळे भरून आले. पण सहा कुंड्या दिसताच ते पुन्हा हबकले.

"ते खरं, पर ह्या माज्या हातात दिऊ नगंस. मारून टाकीन मी!"

"मारून दाखवाच!" अबोली म्हणाली.

नाथाजींनी भीत भीत एका पाकळीला बोट लावलं. मग दुसऱ्या कुंडीतल्या, मग तिसऱ्या. सहाच्या सहा ऑर्किडं प्लॅस्टिकची होती.