गवारेडे सरांचं शिफारसपत्र

एका जंगलात, मुलांनो, एक महाविद्यालय होतं. हसू नका. महाविद्यालय म्हटलं की प्राचार्य आलेच. इथले प्राचार्य एक गवा होते. त्यांना सगळे गवारेडे सर म्हणत. सर वर्गात येत, रवंथ करत आणि तास संपला की निघून जात. कधी एक मिनिट इकडेतिकडे नाही. म्हणून ते शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते.

याच महाविद्यालयात साळू नावाची साळिंदर शिकत होती. शिकत होती म्हणजे एकटीच माती उकरत बसायची. जंगलातले आंबे मुळापासून वाळत चालले होते आणि का, ते कुणालाच कळत नव्हतं. साळूचा त्या झाडांवर फार जीव होता.

सातासमुद्रापार देवदारवनात मुळांचं मोठं विद्यापीठ होतं. बाहेरच्या जंगलांसाठी तिथे एकच जागा होती. साळूनं अर्ज केला. देवदारी भाषेची परीक्षा दिली. राहिलं फक्त गुरुजनांचं शिफारसपत्र. ती सरांकडे गेली.

"तूच लिहून आण," सर म्हणाले. "मी शिंग उमटवतो."

"सर, माझ्याबद्दल मीच कसं लिहू?"

"मग काय मी लिहू? मला तू कोण तेही माहीत नाही. उंदीर ना तू?"

"साळिंदर, सर."

"तेच ते."

साळू घरी येऊन लिहायला बसली. पण साळिंदरांच्या घरात स्वतःची पाठ स्वतः थोपटून घ्यायची रीत नाही. टोचतं.

"आपल्या तोंडानं आपलं कौतुक नको गं बाई," आई म्हणाली. "चार शब्द सरांबद्दल लिही. मोठ्यांना मान दिला की आपलं काम होतं."

मग काय, साळूची लेखणी धावू लागली. तिनं स्वतः उकरलेली मुळं पत्रातल्या सरांनी उकरली. तिला पडलेले प्रश्न सरांना पडले. "वाळलेल्या आंब्याखाली आम्ही दोघं बसलो. मी तिला म्हणालो, बाळ, झाड मुकं नाही, आपण बहिरे आहोत." इतके चांगले सर लिहिता लिहिता साळूलाच रडू आलं. असे सर तिला खरंच हवे होते.

सरांनी पत्र न वाचता शिंग उमटवलं.

महिन्याभरात देवदारवनाचं उत्तर आलं. "पत्र वाचून आम्ही भारावलो. विद्यार्थिनी चांगलीच असणार. पण कुंभार मिळत असताना मडकं कशाला आणायचं? ती जागा आम्ही गवारेडे सरांना सन्मानानं देत आहोत."

साळू धावत सरांकडे गेली. "सर, ते सगळं मी लिहिलंय. त्यांना सांगा ना!"

"सांगेन की," सर मायेनं म्हणाले. "पण मग तू खोटं पत्र लिहिलंस असं होईल, बाळ. तुझं नाव खराब होईल. तुझ्या भल्यासाठी मी गप्प बसतो."

आणि ते खरोखर गप्प बसले. गप्प बसूनच विमानात बसले.

त्याआधी त्यांचा जंगी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, कोवळ्या गवताचा हार. भाषणात सरांनी शालीच्या टोकानं डोळे टिपले. "या यशात माझ्या विद्यार्थ्यांचाही वाटा आहे," ते म्हणाले. "विशेषतः त्या एका उंदराचा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत साळू संतापानं थरथरत होती. तिच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले.

"बघा, बघा!" शेजारचं माकड गहिवरून म्हणालं. "गुरूचं भाषण ऐकून पोरीच्या अंगावर काटा आला!"

तात्पर्य : विद्या विनयानं शोभते. विद्या आपली असते, विनयही आपलाच असतो. शोभून मात्र गवारेडे सर दिसतात.